वेगदेवतेला अर्पण : एका इंजिनाचे पाठभेद

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधकर्त्यांच्या नावांनी लिहिला जातो. वाफेचे इंजिन म्हटले की जेम्स वॅट, पेट्रोलवर चालणारी मोटार म्हटले की कार्ल बेंझ. शोधकर्त्याच्या मागून कारखानदार येतो, पेटंट येते, विक्रीचे आकडे येतात आणि इतिहास तेथेच थांबतो. कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेल्या यंत्राचे पुढे काय झाले, ते कोणी उघडले, त्यातले काय काढून टाकले आणि काय नव्याने घातले, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. वास्तविक वॅटची कीर्तीही एका दुरुस्तीतूनच उगवलेली आहे. १७६३च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठातली न्यूकोमेन इंजिनाची एक लहान प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीला आली, आणि ती इतकी वाफ वाया का घालवते या प्रश्नाचा पाठपुरावा करताना त्याला वेगळ्या संघनकाची कल्पना सुचली. मात्र लोकस्मृतीत दुरुस्ती करणारा वॅट उरला नाही. उरला तो शोध लावणारा वॅट.

साहित्याच्या अभ्यासकाला ही उणीव ओळखीची वाटावी. छापील प्रत हाती आली की ती जणू एकाच बैठकीत उतरली असे आपण मानू लागतो. खोडलेल्या ओळी, फाडलेली पाने, चार वेळा बदललेला शेवट यांच्याकडे पाठचिकित्सकाखेरीज कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच दृष्टीने एका यंत्राकडे पाहणार आहोत. ते यंत्र म्हणजे एका मोटारसायकलचे दोन सिलिंडरांचे इंजिन. एकाच मालकाने ते चार दशकांहून अधिक काळ पुन्हापुन्हा उघडले, बिघडवले आणि नव्याने घडवले. आमच्या दृष्टीने त्याचे महत्त्व त्याने गाठलेल्या वेगापुरते मर्यादित नाही. त्या वेगापायी जे मोडले तेही त्याच्या मालकाने जपून ठेवले, आणि यंत्रांच्या इतिहासात हे क्वचितच घडते.

१

या मालकाचे नाव हर्बर्ट जेम्स मन्रो. जग त्याला बर्ट मन्रो म्हणून ओळखते. त्याचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाशी असलेल्या साउथलंड प्रांतात, इन्व्हरकार्गिल शहराजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. १९२० मध्ये त्याने एक नवी मोटारसायकल विकत घेतली. ती होती ‘इंडियन’ कंपनीची ‘स्काउट’.

या नावाने मराठी वाचकाची थोडी फसगत होण्याचा संभव आहे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे १९०१ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याचा आपल्या देशाशी संबंध नाही. अमेरिकेच्या आदिवासींना युरोपीय लोकांनी चुकीने दिलेले नाव कंपनीने आपल्या मालाला लावले होते, आणि तिच्या जाहिरातींत पिसांचे शिरोभूषण घातलेला एक चेहरा असे. मन्रोवर २००५ मध्ये ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा चित्रपट निघाला. त्याच्या नावातला ‘इंडियन’ही माणूस नसून मोटारसायकल आहे.

स्काउटची रचना चार्ल्स बी. फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने केली होती. तो स्वतः नामांकित शर्यतपटू होता. १९११ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतीत इंडियनच्या गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले, त्यांत दुसरा क्रमांक फ्रँकलिनचा होता. त्याने घडवलेल्या स्काउटमध्ये सुमारे ६०० सीसी क्षमतेचे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे उघडणारे दोन सिलिंडर होते, आणि त्यांच्यातला कोन ४२ अंशांचा होता. इंजिन मजबूत होते, पण शर्यतीसाठी केलेले नव्हते. नव्या स्काउटचा कमाल वेग ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर होता. दररोज कामावर नेणारी, भरवशाची गाडी अशी तिची ओळख होती. शर्यतीत मन लावलेल्या एका तरुणाने अशी गाडी घेतली, आणि ती बदलून दुसरी घेण्याऐवजी तीच बदलत राहण्याचे ठरवले. त्याने फेरफारांना सुरुवात केली १९२६ मध्ये.

२

इंजिनाची शक्ती वाढवणे म्हणजे नेमके काय, हे समजल्याशिवाय मन्रोच्या खटाटोपाचे मोल कळणार नाही. म्हणून थोडे तांत्रिक विवेचन येथे अपरिहार्य आहे.

पेट्रोल इंजिन हे श्वासोच्छ्वास करणारे यंत्र आहे. ते हवा आणि इंधन यांचे मिश्रण आत घेते, दाबते, पेटवते आणि धूर बाहेर टाकते. त्याची शक्ती वाढवण्याचे मार्ग मोजकेच आहेत. प्रत्येक श्वासात अधिक मिश्रण आत घेणे, ते अधिक दाबून पेटवणे, किंवा दर मिनिटाला अधिक श्वास घेणे. पहिल्यासाठी सिलिंडर मोठा करावा लागतो, हवेच्या वाटा रुंद आणि सरळ कराव्या लागतात, झडपांची उघडझाप बदलावी लागते. दुसऱ्यासाठी सिलिंडरच्या माथ्यावरची पोकळी लहान करावी लागते. तिसऱ्यासाठी इंजिनातले सगळे हलते भाग हलके आणि तरीही अधिक मजबूत करावे लागतात.

स्काउटच्या बाबतीत पहिला अडथळा तिच्या झडपांच्या जागेचा होता. त्या काळच्या बहुसंख्य गाड्यांप्रमाणे तिच्या झडपा सिलिंडरच्या कुशीला, उभ्या बसवलेल्या होत्या. ही रचना स्वस्त आणि टिकाऊ असते. पण तीत मिश्रणाला खालून वर येऊन, वळण घेऊन सिलिंडरमध्ये शिरावे लागते. अधिक दाब मिळवण्यासाठी माथ्याची पोकळी लहान केली की मिश्रणाची ही वाटच अरुंद होते. दाब वाढवावा तर श्वास कोंडतो, श्वास मोकळा करावा तर दाब कमी पडतो. या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणजे झडपा कुशीतून काढून पिस्टनच्या माथ्यावर उलट्या टांगणे. त्यासाठी सिलिंडरचे माथे नवे हवेत, झडपांना वर ढकलणाऱ्या दांड्या हव्यात, त्या दांड्यांना उचलणारे कॅमही नवे हवेत. मन्रोने हे सारे केले. कारखान्याने कुशीच्या झडपांचे म्हणून विकलेले इंजिन त्याच्या हातांखाली माथ्यावरच्या झडपांचे झाले, आणि पुढे त्याने चार कॅमची आपली स्वतंत्र रचनाही त्यात बसवली.

दुसरा अडथळा दोन सिलिंडरांच्या जोडीचाच होता. व्ही आकाराच्या अशा इंजिनात दोन्ही पिस्टनांचे कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर येऊन मिळतात. दोन सिलिंडरांचे स्फोट समान अंतराने होत नाहीत, आणि एकाच कार्ब्युरेटरमधून श्वास घेणारे दोन्ही सिलिंडर सारखा श्वास घेत नाहीत. पुढच्या सिलिंडरला वारा लागतो. त्याच्या आडोशाला असलेला मागचा अधिक तापतो. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावंडांसारखी ही जोडी असते : भार एकच, पण वाट्याला आलेले हवापाणी वेगळे. एकाला मानवलेला फेरफार दुसऱ्याला मानवेलच असे नाही. आणि एकाचा रॉड तुटला तर तो फिरत्या क्रँकसह दुसऱ्याचाही घास घेतो.

तिसरी गोष्ट सर्वांत निष्ठुर आहे. इंजिनाचे फेरे दुप्पट केले की पिस्टनच्या खालीवर होण्यामुळे रॉडवर येणारा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्याच वेळी वाऱ्याचा अवरोध भेदायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८९ किलोमीटरवरून ताशी २९६ किलोमीटरवर जायचे तर वेग सव्वातीन पटींहून थोडा अधिक वाढतो, पण बाह्याकार तोच ठेवला तर लागणारी शक्ती सुमारे ३७ पट होते. ज्या इंजिनाचे धड १९२० सालच्या वेगासाठी ओतले गेले होते त्याच्याकडून ही अपेक्षा करायची म्हणजे काहीतरी मोडणारच. प्रश्न एवढाच उरतो की या खेपेला काय मोडेल. मजबूत रॉड घातला की पिस्टन फुटतो, पिस्टन सावरला की तेल पुरत नाही, तेलाची सोय केली की झडप दगा देते. एक दुरुस्ती पुढच्या बिघाडाची जागा दाखवून देते.

३

हे काम मन्रोने ज्या साधनांनी केले त्यांच्या कथा आता सर्वत्र सांगितल्या जातात. दिवसा तो मोटारसायकलींचा विक्रेता आणि मिस्त्री म्हणून काम करी आणि रात्री, पुष्कळदा उजाडेपर्यंत, आपल्या गाडीवर. पिस्टन तो स्वतः ओतत असे आणि ओतकामाचे साचे म्हणून जुने डबे वापरी. सिलिंडरसाठी त्याने जाड बिडाच्या नळाचे तुकडे वापरले. कनेक्टिंग रॉड त्याने ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून कापून, कानशीने घासून घडवले. सूक्ष्म मापे घेण्यासाठी चाकाची एक जुनी तार त्याला पुरे होई असे सांगतात. फ्लायव्हील, कॅम, तेल खेळवण्याची यंत्रणा, सारे घरचे. मूळ स्काउटमध्ये तेल एकदा आत गेले की जळून वा गळून संपे, परत फिरत नसे. शर्यतीच्या ताणाला ती व्यवस्था पुरणारी नव्हती.

यात गरिबीचा भाग होता, आणि भूगोलाचाही. स्प्रिंगफील्डपासून इन्व्हरकार्गिल अर्ध्या पृथ्वीपलीकडे आहे. साधा सुटा भाग मागवायचा तर तो समुद्रमार्गे यायचा, आणि मन्रोला हवे असलेले भाग तर कोणत्याच कारखान्यात बनत नव्हते. पण या एकाकीपणाचे उदात्तीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्याचा घटस्फोट झालेला होता आणि नोकरी सोडून त्याने सारा वेळ गाड्यांना वाहून घेतला होता. पुढे तो गॅरेजवजा खोलीत, आपल्या यंत्रांच्या सोबतीने राहिला. ध्यासाची किंमत ध्यास घेणारा एकटाच भरतो असे नाही. ती घरच्यांनाही भरावी लागते. चरित्रकार याबद्दल फारसे न बोलता पुढे जातात, म्हणून ही नोंद येथे केली.

प्रगती किती संथ होती ते आकड्यांवरून कळते. १९४० मध्ये त्याने न्यूझीलंडच्या रस्त्यावर ताशी १२०.८ मैलांचा, म्हणजे सुमारे १९४ किलोमीटरचा विक्रम केला. १९५७ मध्ये समुद्रकाठच्या वाळूवर ताशी १३१.३८ मैलांचा, म्हणजे सुमारे २११ किलोमीटरचा. दोन धावांच्या जागा वेगळ्या असल्याने त्यांची काटेकोर तुलना करता येणार नाही. तरीही सतरा वर्षांच्या श्रमांनंतर ताशी सतराच किलोमीटरांची भर पडलेली दिसते. ज्याला फळाची घाई आहे त्याने हा उद्योग केव्हाच सोडला असता.

४

अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल येथे मिठाचे एक विस्तीर्ण मैदान आहे. जमिनीवरील वेगाचे विक्रम पूर्वीपासून तेथे होत आले आहेत. सपाट, कठीण आणि नजर पोचेल तिथवर मोकळे असे हे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत इंजिनाचा श्वास अपुरा पडतो. घरच्या किनाऱ्यावर जमवून आणलेले इंधन आणि हवेचे प्रमाण तिथे चालत नाही. मन्रो एकूण दहा वेळा बॉनव्हिलला गेला. पहिल्या खेपेला केवळ पाहण्यासाठी, नंतरच्या नऊ खेपांना धावण्यासाठी. या नऊ खेपांपैकी तीनदा त्याच्या नावावर विक्रम लागला.

१९६२ मध्ये, ८८३ सीसीच्या वर्गात, त्याने सुमारे ८५० सीसीच्या इंजिनावर ताशी २८८ किलोमीटरचा वेग गाठला. तेव्हा तो ६३ वर्षांचा होता. १९६६ मध्ये १,००० सीसीच्या वर्गात ताशी सुमारे २७० किलोमीटर. १९६७ मध्ये त्याच वर्गात ताशी सुमारे २९६ किलोमीटर. या अखेरच्या विक्रमाच्या वेळी इंजिनाची क्षमता सुमारे ९५० सीसीपर्यंत वाढवलेली होती. गाडी ४७ वर्षांची झाली होती, चालवणारा ६८ वर्षांचा, आणि ती बनवणाऱ्या मूळ कारखान्याचे उत्पादन १९५३ मध्येच बंद पडले होते. त्याच वर्षी एका दिशेच्या चाचणीधावेत गाडीने ताशी १९०.०७ मैल, म्हणजे जवळजवळ ३०६ किलोमीटरही गाठले होते. वाऱ्याशी झुंजण्यासाठी त्याने गाडीभोवती माशाच्या आकाराचे कवच घातले होते, आधी ॲल्युमिनियमचे, नंतर फायबरग्लासचे. वर सांगितलेला ३७ पटींचा हिशेब या कवचाने बराच हलका केला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. पहिली, १९६६ चा वेग १९६२ पेक्षा कमी आहे. इंजिन मोठे झाले, चार वर्षांचे श्रम पडले, आणि वेग घटला. चढत्या भाजणीची कथा सांगू पाहणाऱ्याला हा आकडा अडचणीचा वाटतो. म्हणून लोकप्रिय कथनांत तो हळूच बाजूला सरतो. दुसरी गोष्ट पाठचिकित्सकाला विशेष रुचेल. १९६७ च्या विक्रमाचा अधिकृत आकडा प्रथम ताशी १८३.५८६ मैल असा नोंदला गेला आणि तोच दशकानुदशके छापला गेला. २०१४ मध्ये मन्रोच्या मुलाच्या लक्षात आले की दोन दिशांच्या धावांची सरासरी काढताना गणित चुकले आहे. एका धावेचा वेग १८४.७१० मैल आणि दुसरीचा १८३.४६३ मैल, त्यांची सरासरी १८४.०८७ येते. अमेरिकी मोटारसायकल संघटनेने चूक मान्य करून विक्रम दुरुस्त केला. मन्रो १९७८ मध्ये वारला होता. आपल्या गाडीने नोंदीपेक्षा अर्धा मैल अधिक वेग गाठला होता हे त्याला कधी कळले नाही.

आकडा म्हणजे निर्विवाद सत्य, अशी आपली समजूत असते. पण आकडाही कोणीतरी लिहिलेला असतो, आणि जे लिहिलेले असते त्यात लेखनिकाचा हात चुकू शकतो. एक नकलाकार चुकला की पुढचे सारे त्याचीच री ओढतात, हे जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकाला नव्याने सांगायला नको. सत्तेचाळीस वर्षे छापल्या गेलेल्या एका अपपाठाचे हे उदाहरण वर्गात शिकवण्याजोगे आहे. तो पकडण्यासाठी लागली ती फक्त दोन मूळ आकड्यांकडे परत जाण्याची तसदी.

५

मन्रोविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग त्याने स्वतः सांगितलेला आहे. तो रंगवून गोष्टी सांगणारा माणूस होता. जॉर्ज बेग याचे २००२ मधील आणि टिम हॅना याचे २००५ मधील अशी त्याची दोन चरित्रे आहेत. त्यांच्यावरही या गोष्टीवेल्हाळपणाची सावली पडणे स्वाभाविक होते. सांगणाऱ्यालाच आपली गोष्ट आवडू लागली की ती प्रत्येक वेळी थोडी वाढते.

आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा फार पूर्वी होऊन गेली आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची कठोर तपासणी केली आणि समकालीन अस्सल कागदाला बखरीहून कितीतरी अधिक वजन द्यावे असा आग्रह धरला. बखर वाचायला गोड असते, पण तिने तारखा गुंतवलेल्या असतात आणि नायकाला उंच केलेले असते. कागदाचे चिठोरे रूक्ष असते, पण ते त्या दिवशीचे असते.

मन्रोच्या बाबतीत बखर आहे ती त्याच्या तोंडच्या गोष्टींची. मग अस्सल कागद कोणता? आमच्या मते तो त्याच्या गॅरेजमधील एका फळीवर होता. तुटलेले रॉड, भोके पडलेले पिस्टन, वाकलेल्या झडपा, फुटलेले सिलिंडर असे मोडके भाग त्याने भंगारात न टाकता फळीवर मांडून ठेवले होते, आणि त्यांच्याजवळ लिहिले होते : ‘ऑफरिंग्ज टु द गॉड ऑफ स्पीड’, म्हणजे वेगदेवतेला अर्पण. दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन याने १९७०च्या दशकाच्या आरंभी मन्रोवर माहितीपट केला, तेव्हा त्याने हेच शब्द त्याला नाव म्हणून दिले.

या ओळीतला विनोद उघड आहे. पण तिथे मांडलेल्या वस्तू विनोदी नव्हेत. एखादा रॉड कोठे तुटला हे पाहून जाणकार सांगू शकतो की तो ओढ सहन न होऊन तुटला की वंगण आटल्याने जळून तुटला. पिस्टनचे भोक माथ्याच्या मध्यावर आहे की कडेला, यावरून मिश्रण कसे पेटत होते याचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक मोडका भाग हा एका फसलेल्या अनुमानाचा पुरावा आहे. ‘एवढे पातळ चालेल’ असे त्या माणसाला एका रात्री वाटले, आणि ते चालले नाही. सांगणारा गोष्ट वाढवू शकतो. तुटलेले पोलाद आपली चीर वाढवत नाही. विक्रमाचा दाखला शेवट सांगतो, फळी त्याआधीचे सारे सांगते.

६

२००५ चा चित्रपट याच डोनाल्डसनने केला आणि मन्रोची भूमिका अँथनी हॉपकिन्सने केली. चित्रपट हृद्य आहे यात शंका नाही. एका म्हाताऱ्याची जिद्द, वाटेत भेटलेली माणसे, परक्या देशात मिळालेला जिव्हाळा हे सर्व त्यात उत्तम उतरले आहे. आमचा आक्षेप त्याच्या कालरचनेला आहे. अनेक वर्षांच्या खेपा त्यात एका प्रवासात गोळा झाल्या आहेत. म्हातारा प्रथमच जातो, अडचणी येतात, त्या दूर होतात, तो धावतो आणि ताशी दोनशे मैलांचा पल्ला ओलांडून जिंकतो. पुढच्या खेपा शेवटी पडद्यावर येणाऱ्या ओळींपुरत्या उरतात.

नाट्याला ऐक्य लागते आणि दिग्दर्शकाला ते स्वातंत्र्य असते, हे आम्हांला मान्य आहे. पण या ऐक्यापायी नेमके काय गेले ते पाहावे. पहिल्या यशानंतर परत गॅरेजमध्ये जाऊन तेच इंजिन पुन्हा उघडणारा माणूस गेला. १९६२ चा विक्रम हाती असताना त्याने इंजिन मोठे केले, १९६६ मध्ये तो मंदावला, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा परतला. जिद्दीपेक्षा वेगळा, आणि आमच्या मते अधिक दुर्मिळ, असा हा गुण आहे. आपली कृती पुरी झाली असे न मानण्याचा हा गुण आहे. चित्रपटातला मन्रो विजेता आहे. फळीवरचा मन्रो संशोधक आहे, ‘सं’ म्हणजे नीट शोधणारा या जुन्या अर्थाने.

फेरफार करणाऱ्यांचे श्रम पुसले जाण्याची ही एकच तऱ्हा नव्हे. ६ सप्टेंबर १९५६ रोजी बॉनव्हिललाच जॉनी ॲलन या टेक्सासच्या स्वाराने ६५० सीसीच्या ट्रायम्फ इंजिनावर ताशी २१४ मैलांचा वेग गाठला होता. तेही दोन सिलिंडरांचेच इंजिन. फक्त त्यात सिलिंडर शेजारीशेजारी उभे असतात. ते इंजिन जॅक विल्सन या टेक्सासच्याच मिस्त्रीने तयार केले होते. आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या विक्रमाला मान्यता दिली नाही. ट्रायम्फने मात्र १९५९ साठी आणलेल्या आपल्या नव्या गाडीला ‘बॉनव्हिल’ हे नाव दिले, आणि ते नाव आजही विकले जाते. मिस्त्रीच्या श्रमांचे कारखान्याच्या बोधचिन्हात रूपांतर होते ते असे. इंडियनच्या बाबतीतही पुढे तेच घडले. मूळ कंपनी गेली, नाव अनेक हातांतून फिरले, आणि २०१७ मध्ये, मन्रोच्या विक्रमाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, नव्या कंपनीने मन्रोच्याच घराण्यातील ली मन्रोला नव्या स्काउटवर बॉनव्हिलला धावायला लावले. ज्या माणसाला हयातीत सुटे भाग स्वतः ओतावे लागले त्याची स्मृती आता विक्रीच्या कामी येते. यात कोणाचा दुष्टावा आहे असे नाही. पण इतिहास कोणाच्या खर्चाने लिहिला जातो यावर तो कोणाचा होतो हे अवलंबून असते.

७

शेवटी उरतो तो सर्वांत जुना प्रश्न. ती गाडी कोणाची? झडपा बदलल्या, सिलिंडर बदलले, पिस्टन, रॉड, कॅम, फ्लायव्हील, सारे बदलले. ६०० सीसीचे ९५० सीसी झाले. मग तिला १९२० सालची स्काउट का म्हणायचे?

आपल्या परंपरेत या प्रश्नाला एक तोलाचे उत्तर आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून मूळ ग्रंथ होता तसा परत मिळवणे हा त्यांचा हेतू होता, आणि त्यात आपली भर कोणी घालू नये अशी त्यांची ताकीद होती. तिथे मूळ पाठ हाच आदर्श होता. नंतरचे सारे बदल ही मलिनता. मन्रोची दिशा याच्या बरोबर उलट होती. फ्रँकलिनचा मूळ पाठ त्याला पवित्र नव्हता, पण त्याने तो टाकूनही दिला नाही. मैदानावर अधिक ताकदीची, नवी इंजिने येत राहिली. त्याने मात्र प्रत्येक वेळी त्याच जुन्या धडाशी नवा करार केला. परंपरेशी वागण्याच्या या दोन रीती आहेत, आणि दोहोंतही मूळ कर्त्याविषयी आदर आहे. शुद्ध करणारा म्हणतो, जे होते ते पुरेसे होते. फेरफार करणारा म्हणतो, जे होते त्यात याहून अधिक दडलेले होते. फ्रँकलिन १९३२ मध्येच वारला. आपल्या भरवशाच्या गाडीच्या अंगी एवढा वेग दडलेला आहे, हे पाहायला तो नव्हता.

मन्रोची गाडी आज इन्व्हरकार्गिलमधील एका हार्डवेअरच्या दुकानात, खिळे, स्क्रू आणि कानशींच्या संगतीत, लोकांना पाहायला ठेवलेली आहे. ही जागा तिला शोभते. पण तिच्याकडे पाहणारा बहुधा तिचे कवच पाहतो आणि विक्रमाचा आकडा वाचतो. साहित्य शिकवणारे आपणही पुष्कळदा हेच करतो. विद्यार्थ्यापुढे आपण पूर्ण झालेली कविता ठेवतो, आणि मग ती आपल्याला कधीच जमणार नाही असे त्याला वाटले तर नवल करतो. त्याच कवीचा एखादा फसलेला खर्डा त्याच्यापुढे ठेवला, कोठे तुटले आणि का तुटले हे त्याला दाखवले, तर लिहिणे म्हणजे काय हे त्याला कदाचित अधिक नीट कळेल. त्यासाठी आधी खर्डे जपले गेले पाहिजेत. आता संगणकावर लिहिणाऱ्याचा खर्डा नव्या पाठाखाली माग न ठेवता पुसला जातो. मन्रोकडे एक फळी होती, आणि तुटलेली वस्तू तिच्यावर ठेवताना ती लपवावी असे त्याला वाटले नाही.